दीपा मेहतांचे सिनेमे: देश सोडला म्हणून या बायकांच्या गोष्टी सांगता आल्या का?

मुक्ताई_८२ (धागाकर्ती)

दीपा मेहतांचं नाव निघालं की आपल्याकडे चर्चा दोनच ठिकाणी जाऊन थांबते: दोन जावांच्या प्रेमावरच्या 'फायर'च्या वेळची तोडफोड आणि विधवाश्रमावरच्या 'वॉटर'चा बनारसमध्ये उधळलेला सेट. सिनेमे न पाहिलेल्यांनाही दंगे पाठ आहेत. मला त्यांच्या वाटचालीबद्दल बोलायचंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म अमृतसरचा, १९५०चा. वडील चित्रपट वितरणाच्या धंद्यात. दिल्लीच्या लेडी श्रीराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकल्या. १९७३ साली पॉल साल्ट्झमन या कॅनेडियन माहितीपटकाराशी लग्न करून टोरांटोला गेल्या. सुरुवात माहितीपटांनी, १९७५चा एक लुईझ टँडी मर्च या ९९ वर्षांच्या बाईंवर आहे. पहिला कथापट 'सॅम अँड मी' १९९१चा. नुकताच कॅनडात आलेला भारतीय तरुण आणि त्याच्यावर सोपवलेले एक म्हातारे ज्यू गृहस्थ, अशी जोडी. कानमध्ये पहिल्या चित्रपटांसाठीच्या कॅमेरा दोर पुरस्कारात त्याचा विशेष उल्लेख झाला. मग 'कॅमिला', आणि १९९६ला 'फायर', जो त्यांनी पहिल्यांदा स्वतः लिहिला.

म्हणजे बघा, देश सोडून वीसेक वर्षं झाल्यावर बाई पहिल्यांदा स्वतःची गोष्ट लिहायला बसल्या आणि पोचल्या कुठे, तर दिल्लीतल्या एका एकत्र कुटुंबाच्या स्वयंपाकघरात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. माझं मत असं की हे अंतर नसतं तर हा सिनेमा झाला नसता. घरात राहून घराबद्दल असं लिहिता येत नाही, निदान बाईला तरी. तुम्हाला काय वाटतं?

वाटसरू

उत्तम विषय. 'फायर' सोडून काहीच पाहिलेलं नाही, त्यामुळे सध्या वाचनमात्र. येऊ द्या.

जुना_प्रेक्षक

मुक्ताई, लेख आवडला, मत पटलं नाही. 'फायर' मूळ इंग्रजीत लिहिला आणि चित्रित केला. दिल्लीतल्या मध्यमवर्गीय घरातल्या दोन जावा एकमेकींशी न्हाणीघरापासून गच्चीपर्यंत इंग्रजीत बोलतात. ही गोष्ट कोणासाठी सांगितली जातेय, ते तिथेच कळतं. मधू किश्वर यांनी 'मानुषी' या स्त्रीप्रश्नांवरच्या मासिकात 'फायर'वर कडाडून टीका केली होती, आणि त्या काही मोर्चेवाल्यांपैकी नव्हत्या. बायकांच्या प्रश्नांवर हयात घालवलेल्या बाई. त्यांचं म्हणणं बाजूला सारता येणार नाही.

अंतरामुळे धीर येतो हे मान्य. पण अंतरामुळे तपशील पुसट होतात आणि ठसठशीत तेवढंच उरतं. नायिकांची नावं राधा आणि सीता ठेवणं हे मला त्यातलंच वाटतं.

निशिगंध

@जुना_प्रेक्षक, इंग्रजीबद्दल सहमत, पहिली वीस मिनिटं मलाही कानाला खटकतात. पण तपशील पुसट? अहो, त्या घरातल्या बिजी आठवा. पक्षाघातानं वाचा गेलेली सासू, हातात घंटी. एक शब्द बोलत नाही आणि अख्खं घर तिच्या घंटीवर चालतं. सून तिला अंघोळ घालते, पावडर लावते, भरवते. ही बाई सत्ताधीशही आहे आणि परावलंबीही. असं पात्र लांबून पाहून सुचत नाही, असल्या घरात वावरलेल्या माणसालाच सुचतं.

आणि करवा चौथची रात्र. नवऱ्यासाठी धरलेला उपास, आणि सीतेला पाणी कोण पाजतं, तर राधा. संवादांची भाषा कुठलीही असो, तो प्रसंग डोळ्यांनीच कळतो.

पटकथाप्रेमी

नावांवरून. आपल्या सेन्सॉर बोर्डानं 'फायर' काटछाट न करता संमत केला होता, फक्त हिंदी आवृत्तीत सीतेची नीता झाली. नोव्हेंबर १९९८मध्ये प्रदर्शन, २ डिसेंबरला गोरेगावच्या सिनेमॅक्सवर शिवसैनिकांचा हल्ला, दुसऱ्या दिवशी दिल्लीत रीगलवर. सिनेमा पुन्हा सेन्सॉरकडे धाडला गेला आणि पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा संमत होऊन आला. एकदा नव्हे, दोनदा संमत झालेला सिनेमा आहे हा. हे लोक विसरतात म्हणून लिहिलं.

राधा-सीता मुद्दाम ठेवलेली नावं आहेत यात वाद नाही. अग्निपरीक्षेची गोष्ट सिनेमात येतेच आणि शेवटी पदराला खरीखुरी आग लागते. पण हे संदर्भ बाहेरच्या प्रेक्षकाला आपणहून कळतच नाहीत. ते आपल्यालाच कळतात. मग हा सिनेमा नक्की कोणाशी बोलतोय?

निळी_शाई

या चर्चेत एक बाजू नेहमी राहून जाते, ती मांडते. 'फायर'च्या वेळी मेहताबाई मुलाखतींमधून सांगत होत्या की हा सिनेमा समलैंगिकतेबद्दल नाही, एकटेपणाबद्दल आणि निवडीच्या हक्काबद्दल आहे. माझ्यासारख्या मुलींसाठी ते फार दुखावणारं होतं. पडद्यावर आम्ही पहिल्यांदा माणूस म्हणून दिसलो, आणि जिनं दाखवलं तीच म्हणतेय की गोष्ट तुमची नाही.

पण त्याच डिसेंबरात दिल्लीत रीगलसमोर बायका मेणबत्त्या घेऊन उभ्या राहिल्या. आपण भारतीयही आहोत आणि लेस्बियनही, असं लिहिलेला फलक तिथे उघडपणे झळकला. त्यातूनच पुढे लेस्बियन हक्कांसाठीची मोहीम उभी राहिली. सिनेमा कुठल्या हेतूनं केला याला एका मर्यादेनंतर अर्थ उरत नाही. तो कोणाच्या हाती लागला आणि त्यांनी त्याचं काय केलं, हेही बघावं लागतं. म्हणून मला 'फायर'बद्दल तक्रारही आहे आणि कृतज्ञताही. दोन्ही खऱ्या आहेत.

मुक्ताई_८२

निळी_शाई, हे इतकं स्पष्ट लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

टोरांटोकर

मी ब्रॅम्प्टनला, टोरांटोच्या शेजारी राहते. 'फायर' आणि 'वॉटर'वर तुम्ही बोला, मला बोलायचंय 'हेवन ऑन अर्थ'वर (२००८). हिंदीत तो दुसऱ्या वर्षी 'विदेश' नावानं आला आणि कोणी फारसा पाहिला नाही. माझ्या मते स्थलांतरित दिग्दर्शिका म्हणून दीपा मेहतांनी केलेलं सगळ्यात खरं काम ते आहे.

गोष्ट अशी. चांद (प्रीती झिंटा) पंजाबातून लग्न करून ब्रॅम्प्टनला येते. छोटं घर, त्यात सासू-सासरे, नणंद, तिचा नवरा, मुलं. नवरा मारतो. का मारतो याचं एकच एक कारण सिनेमा देत नाही, पण सगळी कारणं दाखवतो: अख्ख्या कुटुंबाचं ओझं एकट्याच्या खांद्यावर, देशातून आणखी माणसं बोलावण्याचा तगादा, मुलाला सुनेच्या हाती सोडायला तयार नसलेली आई. चांद लाँड्रीच्या कारखान्यात कामाला लागते. तिथली जमैकन मैत्रीण रोझा तिला नवऱ्यासाठी एक मुळी देते. ती घातलेलं दूध लाल होतं, चांद घाबरून ते बाहेर ओतते, ते नाग पितो, आणि मग नवऱ्याचं रूप घेऊन दुसराच कोणीतरी तिच्याशी प्रेमानं बोलायला लागतो. हो, गिरीश कर्नाडांचं 'नागमंडल' नाटक थेट ब्रॅम्प्टनच्या बर्फात.

आता ज्यांना इथलं माहीत नाही त्यांच्यासाठी. लग्न करून येणाऱ्या बाईला नवरा स्पॉन्सर करतो. तिचा खर्च उचलण्याची हमी तो सरकारला तीन वर्षांसाठी देतो. त्या हमीचं कुटुंबात काय होतं? 'मी तुला आणलं, मी तुला परत पाठवीन.' कायद्यात तसं नसतं. पीआर (कायम राहण्याचा हक्क) मिळालेल्या बाईला नवरा परत पाठवू शकत नाही. पण हे तिला सांगणार कोण? भाषा येत नाही, फोन सासूच्या समोर. त्यात ऑक्टोबर २०१२मध्ये सरकारनं नियम आणला की लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील आणि मूल नसेल तर पीआर मिळाल्यावरही दोन वर्षं स्पॉन्सरसोबत राहणं सक्तीचं. छळ होत असेल तर सूट होती, पण त्यासाठी तो सिद्ध करायचा. एप्रिल २०१७मध्ये तो नियम रद्द झाला. सिनेमा त्या नियमाच्या चार वर्षं आधीचा, आणि तरी बाई कशी अडकते ते त्यात नेमकं आहे.

मी इथे नव्यानं आलेल्या बायकांना इंग्रजी शिकवायला मदत करते. कोणाचीही गोष्ट इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की या सिनेमातलं घर मला ओळखीचं वाटतं.

जुना_प्रेक्षक

टोरांटोकर, हा सिनेमा पाहिला नव्हता, आता शोधतो. तुमच्या वर्णनावरून माझा मुद्दाच पक्का होतोय असं मात्र वाटतं. जिथे त्या स्वतः राहिल्या त्या गावाबद्दल केलं, ते खरं उतरलं.

हिरकणी

'परदेशात जाऊन, इंग्रजीत, परक्यांसमोर आपल्या बायकांची दुःखं मांडली' हा आरोप ऐकला की मला थेट पंडिता रमाबाई आठवतात. १८८७ साली फिलाडेल्फियात 'द हाय कास्ट हिंदू वुमन' छापून आलं. इंग्रजीत, अमेरिकन वाचकांसाठी. त्यात बालविवाह होता, वैधव्य होतं, उच्चवर्णीय घरांतल्या बायकांचं जिणं होतं. त्यातून पैसा उभा राहिला, बोस्टनमध्ये त्यांच्या नावाची संस्था निघाली, तिनं दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं, आणि १८८९ला मुंबईत शारदासदन सुरू झालं. 'केसरी'नं पुढे त्यांना किती झोडपलं ते आपल्याला माहीत आहेच. त्यांच्या धर्मांतराचा मुद्दा होताच, पण परक्यांपुढे धुणी धुतल्याचा रागही त्यात होता.

त्या आधी इकडे ज्योतिराव-सावित्रीबाईंनी १८६३ला पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. म्हणजे विधवांचं काय चाललंय ते इथल्या लोकांना ठाऊकच होतं. बाहेर सांगितल्यानं बदनामी झाली असं म्हणणाऱ्यांना आत काय चाललंय ते माहीत नव्हतं असं नाही.

आणि 'वॉटर'मधला तो बनारसचा आश्रम आपल्यापासून काही लांब नाही. आपल्याकडच्या किती घरांतल्या सोवळ्या बायका काशीला धाडल्या गेल्या! जुनी आत्मचरित्रं वाचा, पानोपानी सापडतील.

वाटसरू

हिरकणी, दंडवत. हा धागा वाचनखुणांत.

जुना_प्रेक्षक

हिरकणी, तुलना चांगली आहे, पण अर्धी. रमाबाई परत आल्या. सदन काढलं, पुढे केडगावला मुक्तिसदन उभं केलं, दुष्काळातल्या मुली आणून वाढवल्या. लिहून थांबल्या नाहीत. सिनेमा करून टोरांटोला परत जाणं आणि केडगावात आयुष्य काढणं यांत फरक आहे. मी तो करणार.

हिरकणी

जरूर करा, मीही करते. पण मग ती अट प्रत्येक कलावंताला लावा. विधवांवर कादंबऱ्या लिहिणाऱ्या आपल्या थोर लेखकांपैकी किती जणांनी आश्रम काढले? त्यांना आपण कधी विचारलं नाही. बाई, त्यातून परदेशी राहणारी, असली की तिनं आधी सेवा करून दाखवावी आणि मग बोलावं, ही अपेक्षा मला मान्य नाही.

पटकथाप्रेमी

'वॉटर'वर थोडं, कारण मुक्ताईंचा मूळ प्रश्न तिथे फार चांगला तपासता येतो.

बीज बनारसचंच आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला 'यंग इंडियाना जोन्स' या अमेरिकन मालिकेचा एक भाग दिग्दर्शित करायला मेहता तिथे गेल्या होत्या आणि घाटावर त्यांना एक म्हातारी विधवा दिसली. म्हणजे परदेशी मालिकेच्या कामानं त्यांना तिथे नेलं. २०००च्या सुरुवातीला, केंद्राची परवानगी हातात असताना, चित्रीकरण उधळलं गेलं, सेट गंगेत फेकला गेला आणि राज्य सरकारनं कायदा-सुव्यवस्थेचं कारण देऊन काम थांबवलं. शबाना आझमी आणि नंदिता दास यांनी भूमिकांसाठी मुंडण केलं होतं. चार वर्षांनी श्रीलंकेत, 'रिव्हर मून' या खोट्या नावाखाली, नवे कलाकार घेऊन सिनेमा पुरा झाला. आश्रमातली बालविधवा चुईया झालेली सरला ही श्रीलंकन मुलगी. तिला हिंदी येत नव्हतं, संवाद ऐकून पाठ केले. २००५ला टोरांटो महोत्सवाचा हा उद्घाटनाचा सिनेमा होता, आणि पुढे कॅनडातर्फे ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. हिंदी भाषेतला सिनेमा, कॅनडातर्फे!

आता आतलं. सगळे तरुण विधवा कल्याणी आणि नारायण यांच्या प्रेमकथेबद्दल बोलतात, ती मला सिनेमातली सगळ्यात कच्ची बाजू वाटते. कल्याणी झालेली लिसा रे फारच चित्रासारखी दिसते. सिनेमाचा कणा आहे सीमा विश्वासची शकुंतला. श्रद्धाळू बाई, नेमधर्म मनापासून पाळणारी. पंडितजींकडून तिला कळतं की विधवांना पुनर्विवाहाची मुभा देणारा कायदा आहे. गोष्ट १९३८ची, कायदा १८५६चा. ती विचारते, मग आम्हाला कसं माहीत नाही? तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे होतं ते पाहा. तिची श्रद्धा मोडत नाही, पण तिची फसवणूक झाल्याचं तिला कळतं. इथून पुढचा सगळा सिनेमा तिचा आहे.

निशिगंध

@पटकथाप्रेमी, शकुंतलेबद्दल शंभर टक्के. पण शेवटाचं काय? चुईयाला वाचवायला अखेर गांधीजींची आगगाडी आणि सुशिक्षित नारायणच लागतो. स्त्रीवादी म्हणवणाऱ्या सिनेमात सुटका पुरुषाच्या हाती देणं मला टोचतं.

पटकथाप्रेमी

मी उलट वाचतो. मुलीला कडेवर घेऊन फलाटावर गर्दीतून धावते ती शकुंतला. नारायण नुसता गाडीत आहे. आणि मुलीला देऊन टाकल्यावर कॅमेरा गाडीबरोबर जात नाही, शकुंतलेबरोबर मागे राहतो. ती स्वतः सुटलेली नाही. दिग्दर्शिकेला सुखान्त करायचा असता तर तिलाही गाडीत बसवता आलं असतं.

मोगरा_आजी

अवांतर: 'वॉटर'मध्ये लाडवाची आस घेऊन बसलेली ती म्हातारी विधवा आपल्या डॉ. विदुला जावळगेकरांनी केली आहे, हे किती जणांना माहीत आहे? लहानपणी लग्नात खाल्लेली पक्वान्नं तिला अजून आठवतात. चुईया तिला लाडू आणून देते तो प्रसंग पाहून मी सिनेमा थांबवून स्वयंपाकघरात गेले, डोळे पुसले आणि परत येऊन बसले. नवरा गेला म्हणून बाईच्या जिभेवरही बंदी घालायची, याचा राग मला आजही येतो. आमच्या आत्याबाई होत्या तशा. त्यांच्या पानात गोड कधी पाहिलं नाही.

वाटसरू

मोगरा आजी, तुमच्या आत्याबाईंबद्दल स्वतंत्र धागा काढाच.

भटक्या_पंखा

एवढ्या गंभीर चर्चेत मी 'बॉलिवूड/हॉलिवूड'चं (२००२) नाव घेऊ का? सेट मोडला गेल्यावर, 'वॉटर' अडकलेला असताना बाईंनी टोरांटोत चक्क गाण्यांची विनोदी फिल्म केली! मला ती जाम आवडते. दुःखाच्या सिनेमांइतकंच स्थलांतरितांचं आयुष्य त्यातल्या आजीत आहे, जी ऊठसूट शेक्सपिअर ऐकवते.

टोरांटोकर

भटक्या_पंखा, जरूर घ्या. इथे तो बऱ्यापैकी चालला. बायकांच्या गोष्टी म्हणजे रडणंच, असं नाही, हे तुम्ही आठवण करून दिलंत ते बरं झालं.

सागरतीर

मी चेन्नईत वाढलो, घरी मराठी आणि दारी तमिळ. त्यामुळे 'फनी बॉय'बद्दल (२०२०) लिहिणं भाग आहे. श्याम सेल्वदुराई यांच्या कादंबरीवरचा सिनेमा, श्रीलंकेतला तमिळ मुलगा, वांशिक हिंसा, त्याचं समलिंगी असणं. आणि कॅनडातल्या तमिळ लोकांनी त्याला विरोध केला, कारण महत्त्वाच्या भूमिकांत तमिळ नट फारसे नव्हते आणि पडद्यावरची तमिळ कानाला लागत होती. ज्या समाजाची भाषा टिकवण्यासाठी माणसं मेली, त्या समाजाच्या गोष्टीत भाषेकडेच दुर्लक्ष झालं होतं. टीकेनंतर काही संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित केले गेले. तीच फिल्म कॅनडानं ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागात पाठवली, तर इंग्रजी जास्त म्हणून नाकारली गेली.

माझा मुद्दा दीपा मेहता वाईट आहेत असा नाही. अमृतसरहून टोरांटोला गेलेली बाई दिल्लीच्या घराबद्दल बोलते तेव्हा ती आपल्याबद्दल बोलते. श्रीलंकन तमिळांबद्दल बोलताना 'मीही स्थलांतरित, मीही दक्षिण आशियाई' एवढं पुरत नाही.

जुना_प्रेक्षक

सागरतीर, हेच मी पहिल्या प्रतिसादापासून सांगतोय. तुम्ही फार नेमकं मांडलंत.

निळी_शाई

सागरतीर, मान्य. त्याला जोडून पुढची गोष्ट सांगते, कारण वाटचाल तिथे थांबत नाही. २०२३ला टोरांटो महोत्सवात 'आय ॲम सिरत' आला. दिल्लीतली सिरत तनेजा, ट्रान्स स्त्री. बाहेर सिरत, आणि घरी आईसमोर मात्र मुलगा होऊन राहायचं. हा माहितीपट बराचसा सिरतनं स्वतः फोनवर चित्रित केलाय आणि दिग्दर्शनात तिचं नाव दीपा मेहतांच्या बरोबरीनं आहे.

'फायर'च्या वेळी 'गोष्ट तुमची नाही' असं ऐकलेल्या मला हे श्रेयनामावलीत वाचताना काय वाटलं असेल! पंचविसेक वर्षांनी त्याच बाईंनी कॅमेरा जिची गोष्ट आहे तिच्या हातात दिला आणि श्रेयही दिलं. 'फनी बॉय'वरच्या टीकेमुळे असं झालं का, हे मी ठरवू शकत नाही. पण झालं.

मुक्ताई_८२

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. माझं मत अजूनही आहे की 'फायर' लिहायला दिल्लीपासून लांब असणं लागलं. पण टोरांटोकर आणि सागरतीर यांच्यामुळे त्यात भर घालते: लांब जाऊन धीर मिळतो, तो कुणाबद्दल बोलण्यासाठी वापरायचा हे दर सिनेमाला नव्यानं ठरवावं लागतं. बिजी, शकुंतला, 'विदेश'मधली सासू. माझ्या मते मेहतांची ताकद या मोठ्या वयाच्या बायकांत आहे. ज्यांनी नियम भोगलेत आणि ज्या ते पुढच्या बाईवर लादतात, किंवा शकुंतलेसारख्या एका रात्री लादायचं थांबवतात. तरुण नायिकांची बंडं बाकीचेही दाखवतात.

जुना_प्रेक्षक

हे मात्र पटलं. काल 'विदेश' पाहिला. नाग खरा की चांदच्या मनातला, हे सिनेमा सांगत नाही. आईनं सांगितलेली गोष्ट तिनं जगायला वापरली, एवढं दिसतं. प्रीती झिंटाला शिकागो महोत्सवाचा पुरस्कार उगाच मिळाला नव्हता. इंग्रजीबद्दलची माझी तक्रार 'फायर'पुरती कायम.

टोरांटोकर

जुना_प्रेक्षक, पाहिलात, आनंद झाला. एक सल्ला हवाय सगळ्यांचा. आमच्या मंडळात मार्चमध्ये 'विदेश' दाखवून नंतर चर्चा ठेवायचा विचार आहे. स्पॉन्सरशिप आणि पीआरबद्दल नेमकी माहिती द्यायला एक वकीलबाई यायला तयार आहेत. काही जण म्हणतात की असला सिनेमा कौटुंबिक कार्यक्रमात नको.

हिरकणी

ठेवाच. वकीलबाईंचा फोन नंबर कागदावर छापून प्रत्येकीच्या हातात द्या, नुसता पडद्यावर दाखवू नका.

मोगरा_आजी

आणि निमंत्रण नुसत्या सुनांना पाठवू नका. आम्हा सासवांना पुढच्या रांगेत बसवा.